आरशात बघून बसवलेला कूलर

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. बोनेट लावता लावता ताईने माझ्या कपाळावर दोन बोटं टेकवून बजावलं होतं, "घारू, आरशाची गोष्ट घरातच राहील हं!" मी कुठे बोलणार, म्हणून ती बिनधास्त होती. पण आज मला अगदी राहवत नाहीये. माझं तेल अजून गरम आहे, चाकांना तापलेल्या रबराचा वास येतोय आणि घरची सगळी मंडळी पलीकडे पाणी प्यायला गेली आहेत. तेवढ्या वेळात सांगून टाकते. तुम्ही मात्र कुणाजवळ बोलू नका.

मी घारू बोलतेय. मी एक गाडी आहे. दोन दारांची, बुटकी, राखाडी-निळ्या रंगाची आणि धावायला लागले की वाऱ्याला मागे टाकणारी. माझे पुढचे दिवे थोडे हिरवट आहेत, म्हणून ताईने माझं नाव घारू ठेवलं. कागदावर माझं नाव वेगळंच आहे, आकडे आणि अक्षरं जोडून केलेलं. त्या नावाने मला आजवर कुणी प्रेमाने हाक मारलेली नाही.

माझा जन्म एका लांबच लांब शेडमध्ये झाला. तिथे आम्ही बहिणी रांगेत उभ्या असायचो आणि आमच्याखालचा पट्टा हळूहळू पुढे सरकायचा. दहातल्या नऊ जणींचं स्टिअरिंग डाव्या बाजूला बसायचं. दहावीचं उजव्या बाजूला. ती दहावी मी. माझी पाळी आली की कामगार म्हणायचा, "आली बघ उजवी," आणि स्टिअरिंग घ्यायला दुसऱ्या कपाटाकडे जायचा. इंजिन मात्र सगळ्यांचं एकाच कपाटातून यायचं आणि एकाच बाजूला तोंड करून बसायचं. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा. आमच्या घरात ती कुणाच्याच लक्षात आली नाही, आणि त्यापायी मी जवळजवळ काचेच्या खोलीत कायमची बंद झाले होते.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर. त्याचं घर आणि दवाखाना यांत फक्त चार सिग्नल होते. तिसऱ्या गिअरच्या वर मी तिथे गेलेच नाही. दुसरा मालक तरुण होता. त्याने माझ्यावर दोन ज्वाळांची चित्रं चिकटवली आणि मित्रांना माझा आवाज ऐकवण्यातच त्याची हौस फिटली. तिसऱ्याने मला घेतलं, एकदा धुतलं आणि एका गोदामामागे ताडपत्रीखाली उभं केलं. तो म्हणायचा, "वेळ मिळाला की काढू." माणसांना वेळ कधी मिळतो ते मला अजून कळलेलं नाही. ताडपत्रीखाली मी पाच वर्षं होते.

मग ताई आली. ताई शहरातली बस चालवते. आठवडाभर ती चाळीस माणसांना घेऊन थांबत थांबत जाते. कुणी उतरतं, कुणी चढतं, कुणी सुट्ट्यावरून वाद घालतं. तिने माझी ताडपत्री उचलली, आत डोकावली आणि सोबतच्या बाबांना म्हणाली, "बाबा, हिच्यात एकच माणूस बसवायचा. मी." बाबा हसले आणि माझ्या टायरला एक लाथ मारली. गाडी बघायला आलेला प्रत्येक माणूस टायरला लाथ का मारतो, हेही मला कळलेलं नाही.

बाबा म्हणजे ताईचे वडील. चाळीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस, शेवटची बारा वर्षं फोरमन. त्यांच्या खिशात पेन नसेल एक वेळ, पण केसाएवढं अंतर मोजणारा व्हर्निअर असतोच. चहाच्या कपाची कड एकसारखी आहे का, हेही ते मोजून बघतात. ताईचा धाकटा भाऊ फ्रीज दुरुस्त करतो. त्याला घरात सगळे धाकटाच म्हणतात, आता त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झालेत तरी. आणि आई. आई मला 'तुमची ती' म्हणते. "तुमची ती दारात उभी आहे, दूधवाल्याला आत येता येत नाही," असं.

या चौघांनी मिळून मला उभं केलं. वर्षातून एकदा शहराबाहेरच्या, गाड्या पळवायच्या वळणावळणाच्या धावपट्टीवर गाड्यांचा दिवस असतो. शर्यत नव्हे. प्रत्येकाने आपापल्या गाडीला पूर्ण जोराने दहा फेऱ्या मारून आणायचं, एवढंच. पण त्या दहा फेऱ्यांची ताई वर्षभर वाट बघायची. बसच्या प्रत्येक लाल सिग्नलला ती मनात एक वळण घ्यायची. हे तिनेच मला सांगितलंय.

मात्र दहा फेऱ्या आम्हाला कधी जमल्याच नाहीत. पहिल्या वर्षी चौथ्या फेरीत थांबलो, दुसऱ्या वर्षी सहाव्या. कारण माझं तेल. तेल माझ्या इंजिनात सगळीकडे फिरतं, एकमेकांवर घासणारे भाग सांभाळतं आणि येताना त्यांची उष्णता बरोबर घेऊन येतं. ती उष्णता वाऱ्यावर सोडून द्यायला माझ्या तोंडाशी एक जाळीदार कूलर होता, वहीएवढा. डॉक्टरसाहेबांच्या चार सिग्नलना तो पुष्कळ झाला असता. धावपट्टीवर तो बिचारा धापा टाकायचा. तेलाच्या तापमानाचा काटा एकशे पस्तीसवर गेला की ताई मला बाजूला घ्यायची.  आणि माझ्या स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसायची.

तिथेच आम्हाला रुमालवाले काका भेटले. त्यांचं मोठं हॉटेल आहे. मी दिसले की ते खिशातून पांढरा रुमाल काढून माझ्या बोनेटवरची धूळ टिपतात. माणूस अगदी सभ्य. ते म्हणायचे, "ताई, हिला माझ्या हॉटेलच्या दालनात ठेवतो. चारी बाजूंनी काच. ऊन लागू देणार नाही, धूळ लागू देणार नाही. इंजिन सुरू करायचीसुद्धा गरज नाही." ते हे प्रेमाने बोलायचे, म्हणून मला जास्तच भीती वाटायची.

गेल्या वर्षी सहाव्या फेरीनंतर ताई चिडली होती, थकली होती आणि डोळे पुसत होती. काकांनी पुन्हा विचारलं तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "ठीक आहे. पुढच्या वर्षी दहा फेऱ्या पुऱ्या झाल्या नाहीत, तर घेऊन जा हिला."

बस सुटायची वेळ आणि दिलेला शब्द, या दोन गोष्टी ताईकडे हलत नाहीत. धाकट्याने घरी येताना डोक्याला हात लावला. "ताई, अगं काय बोलून बसलीस!" ताई म्हणाली, "गाडी चालवू शकत नसेन तर ठेवू कशाला?" मी ऐकत होते. मी काय बोलणार? मला हॉर्न आहे, पण तो दुसऱ्याने दाबावा लागतो.

यंदा गाड्यांचा दिवस रविवारी होता. त्याच्या आधीच्या आठवड्यात खोकं आलं. दूर देशातून, चार थर कागदात गुंडाळलेलं. धाकट्याने ते माझ्यासमोरच फोडलं. आतून निघाला नवा कूलर! उशीएवढा मोठा, पंचवीस पट्ट्यांचा, काळा कुळकुळीत. सोबत दोन जाड नळ्या, एक चकती आणि बसवायचं कसं ते दाखवणारं एक चित्र. माझे दिवे लागायचेच काय ते राहिले होते.

"बघितलंत?" धाकटा म्हणाला. "फ्रीजच्या मागे जी जाळी असते, तीच ही. मी कधीपासून सांगतोय, थंड करणं माझ्याकडे सोपवा."

"तुझ्याकडे सोपवलेला आपला फ्रीज दोन महिने गळतोय," आई आतून म्हणाली.

बाबांनी चष्मा पुसला आणि चित्र हातात घेतलं. बराच वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, "हे डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचं चित्र आहे. आपली उजवी."

 तिघंही चित्रावर वाकले. बोनेट उघडलं की माणसं अशीच वाकतात, कळो न कळो.

बाबा उठले, घरात गेले आणि आईचा भिंतीवरचा आरसा काढून घेऊन आले. तो त्यांनी माझ्या बंपरला टेकवून उभा केला आणि त्याच्यासमोर चित्र धरलं. "आता बघ. स्टिअरिंग कुठे आहे?"

"उजवीकडे!" धाकटा ओरडला. "बाबा, मानलं तुम्हाला!"

ताईसुद्धा हसली. बाबांच्या हुशारीवर तिचा लहानपणापासून विश्वास.

आणि मी? मी आतल्या आत किंचाळत होते. अहो बाबा, आरशात सगळंच उलटतं! स्टिअरिंगबरोबर इंजिनही उलटतं, फिल्टरही उलटतो. माझं तसं नाही. माझं फक्त स्टिअरिंग उजवीकडे आलंय. इंजिन आहे तिथेच आहे, आणि तेलाचा फिल्टरही डाव्या गाड्यांसारखाच उजव्या बाजूला आहे, नेमका स्टिअरिंगच्या दांड्याला खेटून! पण माझी किल्ली ताईच्या खिशात होती.

दोन संध्याकाळी बाबांनी काम केलं. आरशात बघून पुठ्ठ्यावर आकृती काढली, त्या मापाने लोखंडी पट्ट्या कापल्या, कानशीने घासल्या, भोकं पाडली, रंग दिला. प्रत्येक भोक तीनदा मोजलं. इतकं सुंदर चुकीचं काम मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी माझा बंपर काढला. जुना कूलर बाहेर आला. त्याच्या जाळीत तीन वर्षांचे किडे, पाचोळा आणि एक बसचं तिकीट अडकलेलं होतं. धाकटा म्हणाला, "हा कूलर कसला, ही तर धर्मशाळा आहे." मग बाबांच्या पट्ट्यांवर नवा कूलर चढवला. टक्! केसाचाही फरक नाही. चारही बोल्ट बोटांनी आत गेले. बाबांनी मिशीवरून हात फिरवला.

मग नळ्या जोडायची वेळ आली.

कूलरची तोंडं डावीकडे होती. फिल्टर उजवीकडे. धाकट्याने नळी ओढली, ताणली, पुन्हा ओढली. एक वीत कमी. आणि जिथून नळी न्यायची तिथे स्टिअरिंगचा दांडा आडवा. त्याने खालून मान बाहेर काढली. "बाबा, हे... पोचत नाहीये."

"पोचायलाच पाहिजे. मी मोजलंय."

"मोजलंय बरोबर. पण फिल्टर या बाजूला आहे."

बाबा खाली वाकले. बघितलं. पुन्हा चित्र बघितलं, पुन्हा आरसा बघितला. तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली. "माझा आरसा झाला का वापरून? दोन दिवस अंदाजाने वेणी घालतेय मी." तिने तिघांचे चेहरे पाहिले, चित्र पाहिलं आणि काय झालंय ते धाकट्याकडून ऐकलं. मग म्हणाली, "अहो, रोज आरशात बघते तेव्हा माझं काळीज उजव्या बाजूला दिसायला हवं. म्हणून काय ते तिकडे जाऊन बसतं का?"

धाकट्याला हसू आलं, पण बाबांचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं.

बाबा उपड्या बादलीवर बसले. खिशातून व्हर्निअर काढला, उगाचच पुसला आणि परत ठेवला. चाळीस वर्षांत त्यांच्या हातचा एक तुकडा परत आला नव्हता. ते खाली बघत म्हणाले, "तीन दिवस राहिले. ताई, रुमालवाल्यांना फोन कर. माझ्यामुळे गेली ती."

ताई त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "बाबा, चुकीच्या गल्लीत बस शिरली तर मी काय करते? प्रवाशांना उतरवून घरी जाते?"

"नाही."

"मग काय करते?"

"मागे घेतेस."

"मग घेऊ या मागे."

ती दिवा घेऊन माझ्याखाली सरकली. मला तिचा श्वास ऐकू येत होता. फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये ती नवी चकती बसते, तिला दोन तोंडं असतात. त्यांतून तेल कूलरकडे जातं आणि परत येतं. चित्रात ती तोंडं बाहेरच्या बाजूला दाखवली होती, म्हणजे माझ्या बाबतीत थेट दांड्यावर. ताईने चकती हातात धरून बघितली. गोल. तिला खुणेचा दात नाही, खाच नाही, फक्त मधोमध एक मोठा बोल्ट.

"धाकट्या, ही चकती कशीही फिरवून बसते का रे?"

धाकटा वाकून चकतीकडे बघायला लागला. "बसते की! बोल्ट आवळेपर्यंत कुठेही तोंड करून बसते!"

"मग तोंडं पुढे कर. दांड्याकडे बघायलाच नको तिने. आणि कूलर उलट फिरव, त्याची तोंडं उजवीकडे येऊ देत."

माझ्या अंगावर काटा आला असता, मला अंग असतं तर. धाकट्याने नळी धरली. फिल्टरपासून सरळ पुढे, मग हलकंसं वळण, की कूलर. पोचली! वर चार बोटं उरली! धाकटा आडवा पडूनच ओरडला, "ताई, तू बस सोड, माझ्या दुकानात ये!"

फक्त बाबांच्या पट्ट्या आता निकामी झाल्या. उलट फिरवलेल्या कूलरला दुसऱ्या मापाच्या पट्ट्या लागणार होत्या, कारण त्या बाजूला माझा हॉर्न आहे. गुरुवारी सकाळी नव्या पट्ट्या कापून घ्यायला बाबा त्यांच्या जुन्या कारखान्यात गेले. दोस्तांनी विचारलं, "कशाला रे पट्ट्या?" फोरमनने काय सांगावं? आरशात बघून उलट्या केल्या म्हणावं? ते म्हणाले, "घरात फळी बसवायची आहे." हे त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा ताई हसून हसून रडली, आणि आरशाची गोष्ट घराबाहेर न्यायची नाही असं सगळ्यांचं ठरलं. मलाही सांगितलं गेलं. मी आत्ता काय करतेय ते तुम्ही बघताच आहात.

शुक्रवारी सगळं बसलं. माझी पुढची चाकं अजून लोखंडी स्टँडवर अधांतरी होती. धाकट्याने स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवलं. "कुठे लागत नाही. झालं! बाबा, बंपर चढवू?"

"थांब," बाबा म्हणाले. दोन दिवसांत त्यांनी काढलेला तो पहिला मोठा आवाज. "चाकं लोंबकळताना सगळं शहाण्यासारखं वागतं. हिला खाली टेकव. वजन येऊ दे अंगावर."

"अहो बाबा, उगाच परत..."

"टेकव म्हणतो ना!"

मला खाली घेतलं. बाबा जमिनीवर आडवे झाले, गाल फरशीला लावून. ताईने स्टिअरिंग पूर्ण डावीकडे नेलं. काही नाही. मग उजवीकडे, शेवटपर्यंत. खर्र. इतका बारीक आवाज की मलाही संशय आला. बाबांनी हात आत घातला. त्यांच्या बोटांना सापडलं. वजन आल्यावर मी खाली बसले होते आणि नळी दांड्याच्या सांध्याला हलकेच चाटत होती.

"पाचव्या फेरीपर्यंत भोक पडलं असतं," बाबा खालूनच म्हणाले. "सगळं तेल रस्त्यावर."

 बाबांनी आत रबर लावलेली एक क्लिप बनवली आणि नळी दांड्यापासून दोन बोटं दूर बांधली. पुन्हा स्टिअरिंग फिरवलं. शांत. बाहेर आले तेव्हा त्यांच्या गालावर फरशीची नक्षी उठली होती आणि मिशीला धूळ लागली होती. पण ते परत फोरमन दिसत होते.

शेवटी तेल. नव्या कूलरच्या पोटात तेल भरायला हवं, नाहीतर पहिल्या मिनिटाला इंजिन कोरडं राहायचं. धाकट्याला घाई झाली होती. बाबांनी पेट्रोलचा पुरवठा तोडायला लावला आणि ताईला नुसताच स्टार्टर फिरवायला सांगितला. मी गुरगुरत राहिले, पेटले नाही. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि तेलाच्या दाबाचा काटा हळूच उठून उभा राहिला. "आता पोचलं," बाबा म्हणाले. मग वरून अर्धा लिटर आणखी घातलं आणि मला खरोखर सुरू केलं.

काय सांगू तुम्हाला! पोट भरल्यासारखं वाटलं.

आणि आज रविवार. आज सकाळी आम्ही धावपट्टीवर आलो. रुमालवाले काका आधीच हजर. त्यांनी माझं बोनेट पुसलं आणि माझ्याभोवती एक चक्कर मारली. मला वाटतं, मनातल्या मनात ते काच किती लागेल ते मोजत होते. बाबांचे जुने दोस्तही आले होते. त्यातल्या एकाने विचारलं, "काय फोरमन, बसली का फळी?"

"बसली," बाबा म्हणाले. "चांगली बसली."

हिरवा झेंडा हलला. निघालो!

पहिली फेरी ताई सबुरीने घेते. दुसऱ्या फेरीला तिने पाय दाबला आणि मी किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला! सरळ पट्टीवर वारा माझ्या तोंडात शिरत होता, नव्या जाळीतून पलीकडे जात होता आणि माझी उष्णता घेऊन निघून जात होता. तिसरी. चौथी. काटा शंभरवर. ताई मधूनच म्हणायची, "पुढे सरका, पुढे सरका, मागे लोक उभे आहेत!" बसमध्ये दिवसभर ऐकून ऐकून ते तिच्या तोंडात बसलंय. पाचवी. काटा एकशे सहा. सहाव्या फेरीला गेल्या वर्षीचं वळण आलं, जिथे आम्ही थांबलो होतो. तिथे ताईने श्वास धरला. मीही. काटा एकशे दहा! आम्ही त्या वळणावरून पुढे गेलो. सहाव्या फेरीत तिथून पुढचा रस्ता मी जोरात धावताना कधी पाहिलाच नव्हता.

सातव्या फेरीत घोळ झाला. पुढे एक अवाढव्य पिवळी गाडी आली. तिच्या मागून गरम हवेचा लोट सरळ माझ्या तोंडावर. वळणं अरुंद, पुढे जायला वाट नाही. काटा एकशे अठरा. एकशे बावीस. एकशे सत्तावीस. कडेला धाकटा दोन्ही हात हलवून ओरडत होता, "काप तिला! काप!" मलाही तेच वाटत होतं. आणखी एक फेरी असंच राहिलं तर काटा पस्तीसला टेकणार, आणि मग काचेची खोली.

ताईने पाय सोडला.

मला वाटलं, संपलं. ती थांबतेय. पण ती थांबत नव्हती. तिने पिवळ्या गाडीला पुढे जाऊ दिलं. आमच्यात बसभर अंतर पडलं, मग दोन बसभर. बाकीचे कडेला ओरडत होते. ताई शांत होती. रोज चाळीस माणसं घेऊन जाणाऱ्या बाईला पुढच्या वाहनाच्या मागे राहणं कुणी शिकवावं लागत नाही. "आपल्याला कुणाला हरवायचंय का घारू?" ती म्हणाली. "आपल्याला पोचायचंय."

आणि थंड वारा परत आला! स्वच्छ, माझा माझा वारा. एकशे चोवीस. एकशे अठरा. एकशे बारा. मग तिने असा काही पाय दाबला की माझी मागची चाकं क्षणभर गाणं म्हणाली. आठवी! नववी! दहाव्या फेरीत ताई मोठ्याने हसत होती, एकटीच, हेल्मेटच्या आत. शेवट दाखवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या झेंड्याखालून आम्ही गेलो तेव्हा काटा एकशे चौदावर होता.

आम्ही बाजूला येऊन उभ्या राहिलो. धाकटा धावत आला आणि दार उघडायच्या आतच ताईला मिठी मारायला खिडकीतून अर्धा आत शिरला आणि अडकला. आई त्याला मागून ओढत होती आणि म्हणत होती, "तिला बाहेर तर येऊ दे मेल्या!" दोस्त टाळ्या वाजवत होते. बाबांनी मात्र टाळी वाजवली नाही. ते खाली आडवे झाले, माझ्या पोटाखाली हात घातला, नळीवरून, सांध्यावरून, चकतीवरून बोटं फिरवली आणि बोटं उजेडात धरून बघितली.

"कोरडं," ते म्हणाले. एवढंच. आणि मग त्यांचे डोळे मात्र कोरडे राहिले नाहीत.

रुमालवाले काका थोडे लांब उभे होते. ताई त्यांच्याजवळ गेली. "काका, दहा झाल्या."

"मोजत होतो मी," ते म्हणाले. मग जरा घुटमळून, लहान मुलासारखं विचारलं, "मला एक फेरी बसवाल का शेजारी? इतकी वर्षं बाहेरूनच बघतोय."

"नंबर लावा," बाबा जमिनीवरूनच म्हणाले. "आधी मी."

तर अशी मी. आता सावलीत उभी आहे. बोनेट उघडं आहे, आतून टिक टिक आवाज येतोय. गरम लोखंड निवताना तसा आवाज करतं, घाबरायचं नसतं. जुन्या कूलरलाही धाकट्याने टाकून दिलेलं नाही. तो त्याच्या दुकानात धुऊन ठेवलाय, एखाद्या चार सिग्नलवाल्या गाडीला तो छान पुरेल.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरी, शेजारी, गोदामामागे, कुठेतरी एखादी गाडी झाकून ठेवलेली असेलच. किंवा सायकल, किंवा शिवणयंत्र. तिला जपता ना, जपा. पण जपणं म्हणजे झाकून ठेवणं नव्हे. आम्हाला धूळ चालते, किडे चालतात, चुकीच्या बाजूला बसवलेल्या पट्ट्यासुद्धा चालतात. एक चूक झाली म्हणून हात झटकून मोकळे होऊ नका. खाली वाका, दिवा घ्या, आणि नीट बघून...

"घारू! उठ गं बाई, बाबा पट्टा लावून बसलेत आणि रुमालवाले काका त्यांच्यामागे रांगेत उभे आहेत!"

आले, आले! ताई बोनेट लावून किल्ली फिरवतेय. ऐका, थोडक्यात सांगते, ती झाकलेली गाडी असेल ना, तिच्यावरची ताडपत्री काढा, चाकात हवा भरा आणि एखाद्या सकाळी तिला सरळ मोकळ्या रस्त्यावर नेऊन एकदा तरी...